गोधडीच्या रक्षणार्थ गोगलगायींवर केलेल्या मोहिमेची हकीकत

बाळांनो, अंमळ डोळे मिटा आणि मनात एक मुलूख उभा करा. मुलूख फार थोर नव्हे. उत्तरेस स्वयंपाकघराची खिडकी, दक्षिणेस शेजारच्या दंतवैद्यांची भिंत, पूर्वेस पाण्याची टाकी आणि पश्चिमेस पालापाचोळ्याचा खड्डा, येणेप्रमाणे त्याच्या चतुःसीमा. मध्ये पालकाचे दोन वाफे, कोबीचा एक, कडेला लिंबाचे झाड. वाफ्यांना लागून पडवी, पडवीत एक लांब टेबल, आणि टेबलावर कापडाच्या तुकड्यांचे डोंगर, निळे, पिवळे, चौकड्यांचे, ठिपक्यांचे. डोंगर दिसले काय? न दिसल्यास डोळे आणखी घट्ट मिटा. दिसले असल्यास आता उघडा, कारण मिटल्या डोळ्यांनी पुढील मजकूर वाचता येणार नाही.

थोर राजांच्या थोर लढाया लिहून ठेवणारे पुष्कळ जाहले. हत्ती आले, घोडे आले, तोफा धडाडल्या, की लिहिणाऱ्याच्या हातास आपोआप वेग येतो. परंतु ज्या लढाईतील गनीम एक वाफा ओलांडावयास सारी पहाट घेतो आणि वाटेत दोन वेळा मुक्कामही करतो, तिची हकीकत लिहावयास धीर पाहिजे आणि ऐकावयास त्याहून अधिक. सबब बैठक मोडू नये, शेजाऱ्यास ढोसू नये, आणि सावधचित्ते श्रवण करावे.

या मुलखाचे धनी खासे आजोबा. त्यांची सारी उमर शाळेत भूगोल शिकविण्यात खर्ची पडली. नद्या, पर्वत, खाड्या सर्व त्यांस तोंडपाठ, आणि वर्गातील प्रत्येक पोरास त्यांनी एकच मंत्र दिला होता, "आधी बघा, मग बोला." नोकरीतून मोकळे जाहल्यावर गुडघ्यांनी बंड पुकारले आणि फिरणे बंद पडले, मग हात रिकामे राहू नयेत म्हणोन त्यांनी सुई धरली आणि चिंध्यांच्या गोधड्या शिवण्याची विद्या हस्तगत केली. हस्तगत केली असे ते स्वतः म्हणत. आजीसाहेबांचे म्हणणे असे पडले की विद्या अजून वाटेत आहे, हातापर्यंत पोहोचावयाची आहे.

लेक, जावई आणि नात याच घरी राहत होती. नातीचे मूळ नाव शाळेच्या हजेरीत असेल ते असो. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण आठ वर्षांच्या उमरीत ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. ती आजी आणि आजोबा यांच्या मध्ये निजत असे, एका कानाशी आजोबांचे घोरणे आणि दुसऱ्या कानाशी आजींचे त्याबद्दलचे गाऱ्हाणे, आणि दोन्ही ऐकत तिला सुखाची झोप लागे. ऐसे चालले असता लेकीस, जी पूल बांधण्याच्या कामावर अभियंता होती, दूरच्या गावी बदलीचा हुकूम आला आणि सामानाचा ट्रक रविवारी यावयाचा ठरला. नव्या घरी भिंगरीसाठी स्वतंत्र खोली आहे, ही खबर लेकीने मोठ्या हौसेने भरदरबारात जाहीर केली.

"स्वतंत्र म्हणजे?" भिंगरीने विचारले.

"म्हणजे तुझी एकटीची. तुझा पलंग, तुझी खिडकी."

"मग रात्री तिथे कोण असणार?"

"तूच की!"

"मग मी नाही येत. तुम्ही दोघं जा. फोन करत जा."

लेकीने समजाविले, जावयांनी नवी सायकल देऊ केली, परंतु शत्रूच्या तटासारखी ती पोर हलेना. तेव्हा खाशांनी मसलत केली आणि फर्मान काढले की, घरातील प्रत्येक असामीने आपला जुना, अंगवळणी पडलेला एक एक कपडा हुजुरात दाखल करावा, त्यांचे सारखे चौकोन कापावे, आणि त्या चौकोनांची एक गोधडी करावी, आणि ती भिंगरीने नव्या खोलीत पांघरावी, आणि जिच्या अंगावर सारे घर आहे ती एकटी आहे असे पुन्हा कोणी म्हणू नये.

भिंगरीने फर्मान उलटसुलट तपासले. "सगळे म्हणजे सगळे? शेजारचे डॉक्टरकाका पण?"

"ते पण."

"रविवारच्या आत?"

"रविवारच्या आत."

"नाही झाली तर मी ट्रकमध्ये बसणार नाही हं, आजोबा. आत्ताच सांगून ठेवते."

ऐसा करार जाहला आणि आजोबांची जबान त्यात गुंतली. मग ऐवज गोळा होऊ लागला. लेकीने कॉलेजातील ठिपक्यांचा कुडता दिला, जावयांनी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिला, आजीसाहेबांनी स्वयंपाक करताना बांधावयाचा पिवळा एप्रन दिला, दंतवैद्यांनी दवाखान्यातील हिरवा डगला भिंतीवरून सुपूर्द केला, आणि खुद्द आजोबांनी निळ्या चौकड्यांचा तो सदरा दिला, ज्याच्या खिशात ते सदैव भिंगरीसाठी गोळ्या ठेवीत. चौकोन कापून झाल्यावर जे उरले त्याचे आजीसाहेबांनी त्याच दिवशी पोतेरे केले आणि फरशीच्या कामी लावले. म्हणजे जो चौकोन गेला तो गेला, त्यास बदली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता येथे युद्धशास्त्रातील एक कलम समजून घ्यावे. जुने कापड धुऊन धुऊन मऊ पडते, हातात धरता घसरते, सुई लावता आक्रसते, आणि चौकोन म्हणोन शिवावयास घ्यावे तर रताळ्याचा आकार निघतो. सबब त्यास खळ देतात. खळ म्हणजे मैदा पाण्यात कालवोन, मंद आचेवर ढवळीत शिजविलेली पातळ पेज. तीत कापड बुडवोन वाळविले की पुठ्ठ्यासारखे ताठ होते, मग रेघ सरळ येते, आणि गोधडी शिवून धुतली म्हणजे खळ निघोन जाते. या कामी चमचाभर मैदा पुरतो. परंतु ज्या हाताने जन्मभर नकाशे काढले त्यास सरळ रेघेची फार भक्ती. आजोबांनी चमच्याच्या जागी वाटी घेतली, आणि खळ इतकी दाट केली की तीत पळी उभी राहिली. तुकडे भिजवोन ते पडवीतील स्टँडवर वाळत घालीत, आणि पातेल्यात उरलेली खळ दर सायंकाळी पालकाच्या वाफ्यांच्या कडेने ओतीत, हेतू हा की अन्न वाया जाऊ नये आणि जमिनीसही बळ यावे.

"मैद्याचा डबा रिकामा," आजीसाहेब खिडकीतून म्हणाल्या. "माणसांसाठी काही ठेवणार आहात का?"

"अगं, मातीला पण लागतं काहीतरी."

"मातीनं मागितलं होतं का तुमच्याकडे?"

आजोबांनी हा अर्ज दप्तरी लावला आणि पातेले वाफ्याकडे नेले.

ऐसे असता एके सकाळी पालकाच्या पहिल्या वाफ्यावर घाला पडला. पानांच्या चाळण्या जाहल्या, कित्येक रोपे तर देठापुरती उरली. खासे पडवीत उभे राहिले, भिवया चढविल्या, आणि खाली वाकोन पाहावयाच्या आधीच बोलते जाहले की हे काम पाखरांचे. पाखरांची बाजू मांडावयास कोणी वकील हजर नव्हता, म्हणोन गुन्हा तेथेच शाबीत जाहला. मग हुकूम सुटला की वाफ्यांभोवती निशाणे रोवावी. टेबलावरील डोंगरांतल्या इतर चिंध्यांच्या पट्ट्या काढल्या, आणि त्या वाऱ्यात कडकड वाजाव्या म्हणोन त्यांसही खळ दिली, दुहेरी दिली, आणि काठ्यांवर बांधोन सारा मुलूख निशाणांनी सजविला. भिंगरीने मधल्या काठीवर चढविण्यासाठी खास लाल पट्टी निवडली आणि वाफ्यांभोवती धावत फेरी घातली.

आजीसाहेब चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि पाहत राहिल्या. "पाखरांना भीती घालताय की त्यांचं स्वागत करताय?"

"भीती."

"बरं. मला वाटलं, कोणाचं लग्न आहे."

दुसरे दिवशी सकाळी दुसरा वाफाही लुटला गेला होता. निशाणांसही भोके पडली होती. पाखरे निशाण खात नाहीत, हे भूगोलाच्या माणसासही ठाऊक असते. खासे चिंतेत पडले, आणि तितक्यात पडवीतून भिंगरीची हाक आली, आणि त्या हाकेत रोजचा नाच नव्हता.

स्टँडवरील चौकोन गनिमाने सोडले नव्हते. दंतवैद्यांच्या हिरव्या डगल्याची कड कुरतडलेली, जावयांच्या पायजम्यातील एक पट्टा विरलेला, आणि निळ्या चौकड्यांचा तुकडा, म्हणजे खुद्द आजोबा, मधोमध जाळीदार जाहलेले. स्टँडच्या पायापासून वर चांदीसारखी चकाकती एक रेघ गेली होती. त्या रेघेच्या टोकाशी, निळ्या तुकड्याच्या कोपऱ्यात, पाठीवर आपला तंबू घेऊन, दोन्ही शिंगे परजीत, एक गोगलगाय निवांत फराळ करीत बसली होती. खाशांस पाहून तिने एक शिंग आत घेतले. दुसरे बाहेरच ठेवले.

तेथोन युद्धास आरंभ जाहला.

गनिमाचे वर्णन ऐकावे. त्यास पाय नाहीत, म्हणोन तो पळत नाही. त्यास घर शोधावयाचे नाही, म्हणोन तो थकत नाही. त्याच्या फौजेत सारेच सरदार, कारण ज्याचा त्याचा तंबू ज्याच्या त्याच्या पाठीवर. शेजारचे दंतवैद्य भिंतीवर कोपरे टेकून मोहीम पाहावयास आले, त्यांनी एक गोगलगाय तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि व्यवसायाच्या ममतेने तिच्याकडे पाहिले.

"हिच्या तोंडात हजारो दात असतात, ठाऊक आहे का तुला?" ते भिंगरीस म्हणाले. "अगदी बारीक, किसणीसारखे. झिजले की नवे येतात. फुकट."

"घासते का ती?"

"नाही. म्हणून तर मला हिचा राग येतो."

मग मसलत बसली. आजीसाहेबांनी मीठ फेकावे असे सुचविले. परंतु मिठाने गोगलगाय विरघळते हे कळताच भिंगरीने मिठाची बरणी पोटाशी धरली आणि टेबलाखाली शिरली, आणि तेथोन कळविले की जो कोणी मीठ टाकील त्याचा चौकोन गोधडीत घेतला जाणार नाही. ही धमकी भारी होती. सबब कत्तल मना जाहली आणि केवळ तटबंदी आणि हद्दपारी यांवर काम चालवावे असे ठरले.

प्रथम अंड्यांच्या टरफलांचा तट उभारिला. त्यासाठी सारे घर दोन वेळा अंडी खात राहिले आणि जावयांनी तिसऱ्या वेळेस हात जोडले. टरफलांच्या धारेवरून गनीम जाऊ धजणार नाही अशी आजोबांची खात्री होती. गनीम धजला. मग राखेचा खंदक केला, तो पहाटेच्या भुरभुरीत वाहोन गेला आणि कोबीस राखेचे टिळे लागले. मग हद्दपारीचा हुकूम निघाला. आजोबा बादली घेऊन वाफ्यावाफ्यांतून फिरले, दर गोगलगायीस वाकले आणि दर वाकण्यास गुडघे मोठ्याने बोलले. बादली भरल्यावर दंतवैद्यांच्या परवानगीने सर्व कैदी भिंतीपलीकडे सोडले, कारण तिकडे गवताखेरीज काही नव्हते. सोडण्यापूर्वी भिंगरीने आईच्या नखांचा लाल रंग आणोन दर शंखावर एक एक ठिपका दिला.

"कशाला गं?" आजोबांनी विचारले.

"परत आल्या तर ओळखू येतील."

"छे! परत कशा येतील? एवढी भिंत!"

दुसरे दिवशी सकाळी लाल ठिपक्यांची फौज वाफ्यात हजर होती. जणू बिदागी आणि लाल टिकली घेऊन माहेरी परतली होती.

बाळांनो, येथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, जी खाशांच्या आली नाही. या धामधुमीत गोधडी जेथल्या तेथे होती. दिवस जात होते, खोकी भरली जात होती, भिंतींवरील तसबिरी उतरल्या होत्या, आणि टेबलावरील चौकोन तसेच पडले होते, कारण शिवणारा हात बादली धरून होता. आजोबांस हे दिसत नव्हते असे नव्हे. परंतु लढाईस जोर चढला म्हणजे ती कशासाठी मांडली होती हे विसरावयास होते, आणि गोगलगायीकडून हार खाणे ही गोष्ट ज्याने शेकडो पोरांस धाकात ठेविले त्याच्या जिवास फार लागते.

"अहो," आजीसाहेब म्हणाल्या, "तुम्ही गोधडी शिवणार होतात ना? की गोगलगायींची हजेरी घेणार होतात?"

"आधी बंदोबस्त, मग शिवण."

"रविवार थांबणार आहे का तुमच्या बंदोबस्तासाठी?"

भिंगरी हे ऐकत उभी होती. तिने निळ्या चौकड्यांचा तुकडा उजेडाकडे धरला. त्यातून पलीकडचे लिंबाचे झाड दिसत होते.

"आजोबा, तुम्ही नाहीच आता ह्याच्यात," ती म्हणाली.

मग ती आत गेली, नव्या घरच्या खोक्यात भरलेली आपली उशी तिने उपसोन काढली, आणि आजी-आजोबांच्या पलंगावर मधोमध ठेवली, आणि तिच्यावर हात ठेवून बसली. ती बसली. घरातील सर्व माणसे हे पाहून घाबरली.

खाशांनी बादली खाली ठेविली. युद्धात अनेक घाव सोसले, परंतु हा घाव वर्मी लागला. ते पलंगाच्या कडेस बसले. मग म्हणाले, "भिंगरे, वर्गात मी काय सांगायचो?"

"आधी बघा, मग बोला."

"मी बघितलं का गं आधी?"

भिंगरीने प्रामाणिकपणे मान हलविली. "नाही. तुम्ही आधी बोललात. मग परत बोललात. मग बादली आणलीत."

"मग उद्या सकाळी नुसतं बघू या. येतेस?"

पहाटे भुरभूर पाऊस येऊन गेला होता आणि ओल्या मातीवर चांदीच्या रेघा स्पष्ट उठल्या होत्या. आजोबा आणि भिंगरी यांची स्वारी हातात हात घालून, हत्याराविना, कमरेत वाकून बाहेर पडली. आजोबांनी शिकविले की रेघ म्हणजे नदी, नदी पाहावयाची तर उगमाकडून मुखाकडे जावे, मध्येच उडी मारू नये. मग त्यांनी एक रेघ धरली. ती भिंतीवरून उतरली, टाकीस वळसा घालोन निघाली, आणि कोबीच्या वाफ्याजवळ आली, आणि कोबीस न शिवता पुढे गेली. दुसरी रेघ धरली, तीही तशीच. साऱ्या नद्या पालकाच्या वाफ्यांच्या कडेस येऊन मिळत होत्या, जेथे माती पांढरट होऊन तिच्यावर खपली धरली होती. तेथे जणू मोठा समुद्र होता. तेथोन काही रेघा निशाणांच्या काठ्या चढल्या होत्या, काही पडवीकडे स्टँडच्या पायास गेल्या होत्या. पालक मध्ये उभा होता, आणि येता जाता जो तो त्याचा घास घेऊन गेला होता.

भिंगरीने पांढरी खपली बोटाने उकरली आणि हुंगली.

"आजोबा, ही तर खळ आहे."

आजोबांनीही वाकून खपली उकरली आणि हुंगली.

"निशाणांना पण खळ आहे. चौकोनांना पण. आजोबा," तिने वर पाहिले, "ह्यांना रोज संध्याकाळी जेवायला कोण वाढतं?"

येथे अंमळ थांबावे, कारण आजोबाही थांबले होते. ज्याने मोहीम काढली, तट बांधिले, खंदक खणले, गुडघे खर्ची घातले, त्यानेच दर सायंकाळी आपल्या हाते गनिमाची रसद भरली होती. वाफ्याच्या कडेने पंगत मांडली होती, ती कोठे आहे हे दुरून दिसावे म्हणोन निशाणे रोविली होती, आणि निशाणेही खाता यावी अशी तजवीज केली होती. ऐसा बंदोबस्त कोणत्याही सरदाराने आपल्या शत्रूचा आजवर केला नसेल.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रथम भांडे पडल्याचा आवाज आला आणि मग आजीसाहेबांचे हसणे. त्या खिडकीच्या गजास धरून हसल्या, खुर्चीवर बसून हसल्या, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा खिडकीत आल्या.

"अहो, दुहेरी खळ!" इतकेच त्यांस बोलवले. "निशाणांना दुहेरी!"

आजोबांनी प्रथम मिशीवर हात फिरविला, मग तेही हसू लागले, आणि भिंगरी तर मातीतच लोळली. दंतवैद्य दात घासण्याचा ब्रश तोंडात घेऊन भिंतीवर आले, परंतु त्यांस कोणी काही सांगू शकेना.

मग तह जाहला. गनिमाच्या बाजूने लाल ठिपक्यांची एक बुजुर्ग गोगलगाय तळहातावर घेऊन तिला कलमे ऐकविली, दंतवैद्य साक्षीस राहिले. कलमे येणेप्रमाणे की, पश्चिमेकडील पालापाचोळ्याचा खड्डा गोगलगायींस वंशपरंपरा जहागीर द्यावा, आणि तेथे सायंकाळी खळीत भिजविलेले पोतेरे पोहोचते करावे, आणि त्यांनी पालकाच्या, कोबीच्या व पडवीच्या वाटेस जाऊ नये, आणि चुकून एखादे पान खाल्ल्यास सरकारने मन मोठे करावे. भिंगरीने निशाणे उपटली, पांढरी माती खरवडोन खड्ड्यात नेली, आणि दुसरे दिवशी सकाळी पाहतात तो सारी फौज, ठिपक्यांची आणि बिनठिपक्यांची, जहागिरीत दाखल. पालकावर नवे भोक नाही. पराभूत शत्रूस रोजचे जेवण बांधून देणे यास काही लोक खंडणी म्हणतात. आजोबांनी तो शब्द घरात उच्चारू नये अशी ताकीद दिली.

आता गोधडी. चौकोनांची खळ तर धुऊन टाकली, आणि रविवार जवळ आला होता. खळीवाचून कापड पुन्हा मऊ पडले, आणि आजोबांच्या सरळ रेघा वाऱ्यावर गेल्या. शिवण डावीकडे झुके, मग उजवीकडे, आणि आजोबांचा जीव खालीवर होई. आजीसाहेबांनी आजवर सुई धरणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "सरका," म्हणाल्या, "तुमच्या नकाशात आम्हालाही एक नदी काढू द्या." मग लेकीने खोकी भरणे सोडले, जावयांनी दोरा ओवून देण्याची चाकरी पत्करली, आणि भिंगरीने एक पूर्ण ओळ स्वतः शिवली. तिचे टाके काही मुंगीएवढे, काही झुरळाएवढे. आजोबांनी ती ओळ पाहिली, त्यांचा हात नकळत कात्रीकडे गेला, उसवोन सरळ करावी या इराद्याने. मग त्यांनी भिंगरीकडे पाहिले. ती जीभ बाहेर काढून शेवटची गाठ मारीत होती. हात मागे आला.

उरला प्रश्न जाळीदार तुकड्याचा. आजोबांनी कपाटातून नवे कोरे सदरे काढले, भिंगरीने ते एक एक करोन परत केले.

"हे तुमचे नाहीत. हे दुकानाचे आहेत. ह्यांना तुमचा वास नाही."

आजोबांनी विचार केला, मग अंगातला जुना सदरा काढला, तो पालथा टेबलावर पसरला, पाठीच्या मधोमध चौकोन आखला, आणि कात्री चालविली.

"अहो! तो घालायचा आहे अजून!" आजीसाहेब ओरडल्या.

"घालतो की," खासे म्हणाले, आणि खिडकी पडलेला तो सदरा त्यांनी पुन्हा अंगात चढविला. "वारा लागतो छान."

येणेप्रमाणे शनिवारी गोधडी सिद्ध जाहली. तिची एकही कड दुसरीस समांतर नव्हती. ती धुतली, पंख्याखाली रात्रभर वाळविली, आणि रविवारी ट्रक आला तेव्हा तिची फक्त एक कड दमट होती. भिंगरीने गोधडी खांद्यावर घेतली, पलंगावरची उशी बगलेत मारली, आजीस मिठी मारली, आजोबांच्या पाठीच्या खिडकीतून हात घालून त्यांस गुदगुल्या केल्या, आणि कोणी न सांगता ट्रकमध्ये चढोन ड्रायव्हरकाकांशेजारी बसली.

सबब नोंद करण्यात येते की, गोगलगायींवरील मोहीम खाशांच्या पराक्रमाने, आजीसाहेबांच्या हसण्याने आणि भिंगरीच्या नजरेने फत्ते जाहली. मुलूख राखला. पालक वाचला, निदान उरलेला. सरकारातून गोधडी रवाना जाहली. हानी येणेप्रमाणे: पुष्कळ मैदा, एक सदरा, आणि सरळ रेघेवरील भक्ती. त्या रात्री पलंगावर मधली जागा रिकामी होती, आणि आजीसाहेबांनी घोरण्याबद्दल एकदाही गाऱ्हाणे केले नाही.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला, आजीसाहेबांनी कान लावला.

"झोपली का?" आजोबांनी विचारले.

"झोपली हो, गाढ! दार लावून घेतलं, डोक्यापर्यंत गोधडी घेतली, आणि ढुंकून बघितलं नाही आमच्याकडे. पण बाबा, ही काय करते आहे मला कळत नाही. उठल्यापासून खिडकीबाहेर वाकून माती बघत होती. मी म्हटलं, काय गं? तर म्हणे, इथे कोणीच नाहीये अजून. आणि आता सगळं घर पालथं घातलंय. थांबा, आलीच. काय गं, काय हवंय तुला?"

दुरून, खोक्यांच्या आडून, भिंगरीचा आवाज आला.

"आई, मैद्याचा डबा कुठल्या खोक्यात आहे?"